उतरलेल्या सेलातला उरलेला उजेड



उसाचे पाणी हे घड्याळ बघून देता येत नाही, ते लाईट येईल तेव्हा द्यावे लागते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही भागांत दिवसाची वीज मिळू लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांच्या वाट्याला अजून रात्रीची पाळी येते, त्यांना अंधार काय असतो हे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तात्यांच्या आडसालीला पाणी द्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास थ्री फेज आली. बारे मोडायला निघालो, तर बॅटरीचा उजेड पिवळट, मग मिणमिणता, मग नाहीच. तात्या म्हणाले, "थांब रं, पाऊल टाकू नगंस." पुढे बांधावर कुकरची वाफ सुटावी तसा फुसकारा चालला होता. ती घोणस होती. आमचे नशीब चांगले, म्हणून दोघेही चार पावले मागे सरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी देवळीतला जुना डबा काढला. त्यात टाकायचे म्हणून ठेवलेले नऊ सेल निघाले. मीटर लावून बघितले. दोन अगदी मेलेले होते, बाकीच्या सातांत एक व्होल्टच्या आसपास जीव होता. म्हणजे बॅटरी बंद पडली होती, सेल पुरते संपले नव्हते.

या उरलेल्या शक्तीचा उपयोग कसा करता येतो, एकाच उतरत्या सेलावर पांढरा एलईडी दिवा कसा पेटतो आणि त्यामागचे शास्त्र काय, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

सेल उतरला म्हणजे काय?

नवा सेल दीड व्होल्टचा असतो, मग तो मोठा असो की पेन्सिल सेल. मोठ्यात मसाला जास्त, म्हणून तो जास्त दिवस चालतो; व्होल्टेज मात्र तेवढेच. वापर होईल तसे हे व्होल्टेज १.५ वरून १.३, १.१, ०.९ असे खाली येते. त्याशिवाय सेलच्या आत विजेला होणारा अडथळाही वाढत जातो. त्यामुळे नुसता मोजला तर सेल १.२ व्होल्ट दाखवतो आणि दिवा लावताच ०.८ वर घसरतो. म्हणून सेल तपासायचा तर दिवा चालू ठेवून तपासावा. तीन सेलांच्या बॅटरीत बरेचदा एखादाच सेल खलास झालेला असतो आणि आपण तिन्ही फेकून देतो.

जुनी मंडळी सेल उन्हात ठेवतात. त्यात थोडे तथ्य आहे. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा जोरात चालते, आणि विश्रांतीनेही सेल थोडा सावरतो. पण उन्हाने सेलात नवी शक्ती भरली जात नाही. जी होती तीच थोडी मोकळी होते. सेल चुलीजवळ तर कधीच ठेवू नये, तो फुटतो.

पूर्वीच्या बॅटरीत तारेचा बल्ब असे. सेल उतरला तरी तो लालसर का होईना, पेटायचा. एलईडीचे तसे नाही. त्याला एक उंबरठा असतो. त्या उंबरठ्याच्या खाली व्होल्टेज गेले की तो जवळजवळ काहीच वीज घेत नाही आणि उजेडही देत नाही.

हा उंबरठा रंगावर ठरतो. अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आतबाहेर पेटतो. निळा प्रकाश काढायला जास्त जोर लागतो. तो उजळ निळा एलईडी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांच्या कामातून मिळाला, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपला पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पावडरीचा थर असतो आणि निळा-पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो. म्हणून पांढऱ्याला सुमारे तीन ते सव्वातीन व्होल्ट लागतात.

आता अडचण लक्षात आली असेल. नवा सेलसुद्धा दीड व्होल्टचा आणि दिव्याला हवेत तीन. विहिरीत पाणी आहे, पण टाकी उंचावर आहे. पाणी चढवायचे कसे?

पाईपलाईनचा धक्का आठवा

नदीवरून लांब पाईपलाईन केलेल्या सभासदांना हे लगेच पटेल. चालू पाण्याचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाईपला केवढा दणका बसतो! कधी जॉईंट सुटतो, कधी पाईप फुटतो. त्या वेळी पाईपातला दाब नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट होतो. हा दाब कुठून आला? पाईपभर पाणी वेगाने धावत होते. ते अचानक अडवले, की ते आपला सगळा जोर पुढच्या अडथळ्यावर काढते.

या दणक्याचा उपयोग करून घेणारा पंपही आहे. फ्रान्समधल्या जोसेफ मोंगोल्फिए यांनी १७९६ साली हायड्रॉलिक रॅम नावाचा पंप बनवला. त्याला ना इंजिन लागते ना मोटार. उतारावरून येणारे पाणी वाहू द्यायचे, झडप आपोआप धाडकन मिटायची, आणि त्या धक्क्याने थोडेसे पाणी उगमापेक्षाही उंच चढवायचे. मग झडप पुन्हा उघडते आणि तेच चक्र रात्रंदिवस चालू राहते. पुष्कळ पाणी खाली जाते आणि थोडे वर चढते. फुकट काही मिळत नाही.

विजेतही नेमके असेच करता येते. तारेचे वेटोळे, म्हणजे कॉईल, ही आपली लांब पाईपलाईन. कॉईलमधून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व साठते. ती वीज एकदम तोडली की साठलेले चुंबकत्व कोसळते आणि कॉईल वीज पुढे ढकलायला बघते. त्यासाठी लागेल तेवढे व्होल्टेज ती स्वतः चढवते. जुन्या मोटारसायकलच्या पॉईंटची आणि इग्निशन कॉईलची गंमत हीच. पॉईंट उघडला की सहा किंवा बारा व्होल्टमधून हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगला ठिणगी पडते.

कुणी विचारील, आपल्याकडे व्होल्टेज चढवायला ट्रान्सफॉर्मर असतो, तोच इथे का नको? अनेक कारखान्यांत टर्बाईनवरचा आल्टरनेटर ११ हजार व्होल्टची वीज काढतो आणि ट्रान्सफॉर्मर ती आणखी चढवून ग्रीडला देतो. पण ट्रान्सफॉर्मरला सतत दिशा बदलणारी वीज लागते. सेलातून येणारी वीज एकाच दिशेने, संथ वाहते. म्हणून ती आधी तोडून-जोडून हलती करावी लागते. तोडण्या-जोडण्याचे हे काम सेकंदाला हजारो वेळा करायचे तर हात कामाचा नाही. ते काम ट्रान्झिस्टर करतो.

चार वस्तूंचा चमत्कार

हे जोडकाम इंग्लंडमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात नोव्हेंबर १९९९ मध्ये झेड. कापर्निक यांनी छापले. पुढे 'ज्यूल थीफ' या नावाने ते जगभर पसरले. ज्यूल हे ऊर्जेचे माप, म्हणून हा 'ऊर्जेचा चोर'. चोर म्हणायचा तो थट्टेने. फेकून दिलेल्या चिपाडातून आणखी रस काढावा, तसला हा चोर आहे.

त्याला लागणाऱ्या वस्तू चारच:

१) ट्रान्झिस्टर, नंबर बीसी ३३७. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो.
२) एक हजार ओहमचा रेझिस्टन्स. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात.
३) फेराईटचे छोटे कडे, अंगठीहून लहान, काळसर रंगाचे. जुन्या मोबाईल चार्जरच्या किंवा सीएफएल दिव्याच्या सर्किटात असे कडे सापडते.
४) पांढरा एलईडी.

याखेरीज हातभर लांबीच्या दोन रंगांच्या बारीक तारा आणि अर्थातच एक उतरलेला सेल. तार मोटार वाइंडिंगवाल्याकडेही मिळते. मात्र त्या तांब्याच्या तारेवर व्हार्निशचा थर असतो. टोके खरवडल्याशिवाय जोड लागत नाही, हे विसरू नये.

जोडायचे कसे?

समजा एक तार लाल आणि एक हिरवी आहे. दोन्ही तारा जोडीने धरून कड्यात ओवत पंधरा-वीस वेढे द्या. आता चार टोके मिळतील: लालचे सुरुवातीचे आणि शेवटचे, हिरवीचे सुरुवातीचे आणि शेवटचे.

लालचे सुरुवातीचे टोक आणि हिरवीचे शेवटचे टोक एकत्र पिळा. हा जोड सेलच्या टोपीला, म्हणजे प्लसला जाईल.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, उजवीकडचा एमिटर. लालचे राहिलेले टोक कलेक्टरला जोडा. हिरवीचे राहिलेले टोक रेझिस्टन्समधून बेसला जोडा. एमिटर सेलच्या बुडाला, म्हणजे मायनसला.

एलईडीचा लांब पाय कलेक्टरला आणि आखूड पाय एमिटरला. झाले!

सेल लावताच दिवा लागला पाहिजे. न लागला तर शंभरातल्या नव्वद वेळा कड्यावरच्या तारांची टोके चुकलेली असतात. हिरवीची दोन टोके आपसात बदलून पाहा. तरीही न लागला तर एलईडी उलटा आहे का आणि तारेचे व्हार्निश नीट निघाले आहे का, हे पाहावे.

आत घडते काय?

सेल लावला की रेझिस्टन्समधून थोडी वीज बेसला जाते आणि ट्रान्झिस्टरचे दार किलकिले होते. त्यामुळे लाल तारेतून वीज वाहू लागते. ती वाढताना कड्यात चुंबकत्व वाढते, आणि त्या वाढीमुळे शेजारच्या हिरव्या तारेतही व्होल्टेज उठते. ते बेसला आणखी रेटा देते, आणि दार सताड उघडते. किलकिल्या दाराला आतूनच कुणी ओढून घ्यावे, असे हे होते.

पण वाढीला शेवट असतो. कडे चुंबकत्वाने तुडुंब भरत आले किंवा ट्रान्झिस्टरची ओढण्याची ताकद पुरी झाली, की वीज वाढायची थांबते. वाढ थांबली की हिरव्या तारेतला रेटा संपतो, मग तो उलटतो, आणि दार धाडकन मिटते. हाच आपला पाईपलाईनचा व्हॉल्व्ह! कॉईलमधल्या विजेला आता एकच वाट उरते, ती एलईडीतून. कॉईलचे व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजवर चढते, दोन्ही मिळून तीन-सव्वातीन व्होल्टचा उंबरठा ओलांडतात आणि दिवा चमकतो. साठा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळे सेकंदाला हजारो वेळा घडते. दिवा खरे तर लुकलुकत असतो, पण आपल्या डोळ्याला तो सलग दिसतो. ट्रान्झिस्टरचे दार उघडायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. म्हणून सेल त्याच्या जवळ येईपर्यंत हा दिवा चालतो. उजेड मात्र हळूहळू मंदावत जातो.

हिशेब मांडून बघू

यातून नवी ऊर्जा तयार होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारखान्यात टर्बाईन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि गिअरमधून मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतो. फेरे कमी झाले, जोर वाढला. ताकद वाढली नाही. उलट गिअरमध्ये थोडी घासून गेली. इथेही व्होल्टेज वाढते तेव्हा करंट तेवढ्याच प्रमाणात घटतो, आणि वाटेत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते.

एलईडीला १० मिलिअँपिअर करंट ३.२ व्होल्टवर द्यायचा, म्हणजे ३२ मिलिवॉट. घरगुती जोडकामात १०० पैकी ६० भाग दिव्यापर्यंत पोहोचतात असे धरले, तर सेलातून सुमारे ५३ मिलिवॉट घ्यावे लागतील. सेल १.१ व्होल्टचा असेल तर हा करंट सुमारे ५० मिलिअँपिअर होतो. सेलात ५०० मिलिअँपिअर-तास एवढा साठा उरला असेल, तर दिवा दहा तासांच्या घरात चालेल. म्हणजे कचऱ्यात जाणाऱ्या सेलातून एक रात्र निघाली.

उजेड किती? पायाखालची जागा, स्टार्टरची पेटी, कुलपाचे भोक, लेकराचे अंथरूण एवढे दिसेल. शंभर फुटांवरचे दिसणार नाही. म्हणून हा दिवा घेऊन उसात शिरू नये. रात्री पाण्याला जाताना चांगली चार्ज केलेली बॅटरी, गमबूट आणि हातात काठी हवीच. या दिव्याची जागा मोटारीच्या खोलीत, स्टार्टरजवळ. अंधारात चाचपडत फ्यूजला हात लावणे किती महागात पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तिथे खिळ्याला टांगलेला एवढासा दिवा माणूस वाचवू शकतो. मात्र दिवा असला तरी मेन स्विच पाडल्याशिवाय आणि हात कोरडे असल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

तयार वस्तूतही हेच तंत्र

बागेत रोवायचे छोटे सोलर दिवे बाजारात मिळतात. अनेकांच्या पोटात १.२ व्होल्टचा एकच चार्जिंगचा सेल, चार पायांची एक चिप आणि रेझिस्टन्ससारखी दिसणारी एक कॉईल असते. चार पायांची ही चिप आपल्या ट्रान्झिस्टरचेच काम नेटकेपणाने करते. शिवाय सोलर प्लेटवर ऊन पडत असताना सेल चार्ज करायचा आणि अंधार पडला की दिवा लावायचा, हेही तीच बघते. असा दिवा बंद पडला तर फेकू नका. बहुधा सेलच गेलेला असतो. त्याच जातीचा, चार्ज होणारा नवा सेल घाला. साधा पेन्सिल सेल त्यात घालू नका. तो चार्ज होण्यासाठी बनवलेलाच नसतो, गळतो किंवा फुटतो.

एवढे सांभाळा

एका वेळी एकच सेल जोडा. हे जोडकाम एका सेलासाठीच आहे.

एलईडी काढून सर्किट चालू ठेवू नका. धक्क्याला वाट मिळाली नाही तर व्होल्टेज फार चढते आणि ट्रान्झिस्टर जातो. व्हॉल्व्ह मिटला, पण पाण्याला वाट नाही, तसेच हे.

सीएफएल दिवा उघडणार असाल तर आधी दोन-चार दिवस बाजूला ठेवा. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. काचेच्या नळीला धक्का लावू नका, तिच्यात पारा असतो. हे काम मुलांच्या हाती देऊ नका. नाहीतर कडे दुकानातूनच घ्यावे, ते बरे.

गळालेला, फुगलेला सेल वापरू नका. उतरलेला सेल बॅटरीत तसाच ठेवू नका. सेल वापरताना जस्ताचे कवचच खर्ची पडत असते. ते पातळ होऊन आतला मसाला बाहेर येतो आणि बॅटरी गंजते.

पुरता संपलेला सेल पाचटात किंवा उकिरड्यात टाकू नका. पाचट पेटवले की तो फुटतो, आणि उकिरड्यातला खतातून रानात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. सेल एका डब्यात साठवून गोळा करणाऱ्याकडेच द्यावेत.

तात्यांच्या मोटारीच्या खोलीत आता असा एक दिवा टांगलेला असतो. पहिल्या रात्री ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हंजे आजवर निम्मी बॅटरी आपण उकिरड्यावरच टाकत आलो की!" आपल्या घरचा जुना डबाही एकदा काढून पाहावा. घरात आठवी-नववीतली मुले-मुली असतील तर हे जोडकाम त्यांना शेजारी बसवून करावे. पुस्तकातले विज्ञान एका संध्याकाळीत हाताला लागते आणि मोटारीच्या खोलीला दिवा मिळतो.

कळावे.